शेअर्ड लायब्ररी आणि बाबांची वही

"म्हणजे तू नक्की करतोस तरी काय?" मोहोपाड्याला गेलो की हा प्रश्न ठरलेला. एकदा मी भाबडेपणाने सांगून बसलो, "लिनक्सची पॅकेजेस बनवतो. शेअर्ड लायब्रऱ्या सांभाळाव्या लागतात." तेव्हापासून आमच्या आत्याची ठाम समजूत आहे की मी कुठल्यातरी वाचनालयात पुस्तकांचे गठ्ठे बांधतो. गंमत म्हणजे ती फारशी चुकत नाहीये!

अक्षरं दाखवायची, चित्र उघडायचं, बटणं काढायची ही कामं जवळजवळ प्रत्येक प्रोग्रॅमला लागतात. त्यासाठीचा कोड प्रत्येकाने आपल्या घरी ठेवायचा म्हणजे प्रत्येक घरात तोच जाडजूड शब्दकोश विकत घेण्यासारखं. त्यापेक्षा एक प्रत गावच्या वाचनालयात ठेवावी, ज्याला लागेल त्याने बघावी. ही झाली शेअर्ड लायब्ररी. आणि पॅकेज बनवणाऱ्याचं काम काय, तर प्रोग्रॅमच्या गाठोड्यावर चिठ्ठी लावायची: याला अमुक लायब्ररी, अमुक आवृत्तीची लागते. ती नसेल तर हे गाठोडं सोडू नये.

रोज इतरांच्या गाठोड्यांवर चिठ्ठ्या लावणाऱ्या माणसाने स्वतःच्या बाबांना मात्र बिनचिठ्ठीचं गाठोडं दिलं होतं. त्याची ही गोष्ट.

बाबा बरीच वर्षं आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी आहेत. देखभालीची वर्गणी, पंपाची दुरुस्ती, उन्हाळ्यातले टँकर, सगळं एका लाल कापडी बांधणीच्या वहीत. २०१४ साली मी हौसेने त्यांना हिशोबाचा एक छोटा प्रोग्रॅम लिहून दिला. तेव्हा उबुंटू १४.०४ नवीन होतं आणि खिडक्या-बटणांसाठी मी क्यूटी ४ ही लायब्ररी वापरली होती. तयार झालेली फाईल उचलून त्यांच्या डेस्कटॉपवर ठेवली, झालं. पॅकेज वगैरे कशाला, घरचंच तर आहे! आणि वर म्हणालो, "बाबा, आता ती वही बंद करा."

त्यांनी खरंच बंद केली.

गेल्या पावसाळ्यात त्यांचा कॉम्प्युटर फारच कुरकुर करायला लागला, म्हणून शनिवारी जाऊन नवीन डिस्क बसवली. त्यावर उबुंटू २२.०४ टाकलं, हिशोबाची फाईल आणि प्रोग्रॅम कॉपी केला. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला सोसायटीची वार्षिक सभा. रात्री साडेनऊला बाबा ताळेबंद छापायला बसले, आयकॉनवर क्लिक केलं... काहीच नाही. टर्मिनलवरून चालवलं तर उत्तर आलं: लिबक्यूटीगुई.एसओ.४ सापडत नाही.

सापडणार कुठून? उबुंटूने २०२० सालच्या २०.०४ पासूनच क्यूटी ४ काढून टाकलं होतं. हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण आपला एक प्रोग्रॅम मोहोपाड्यात त्यावरच उभा आहे, हे मी साफ विसरलो होतो.

"हिशोब गेला का रे?" बाबांनी शांतपणे विचारलं. ते शांतपणे विचारतात तेव्हा जास्त भीती वाटते.

"नाही हो बाबा, हिशोब आहे. तो दाखवणारा उठत नाहीये."

"उद्या सभेत हेच सांगू?"

मी गप्प. पै-पैचा हिशोब दहा वर्षं चोख ठेवलेला माणूस, आणि उद्या चारचौघांत 'कॉम्प्युटर चालत नाही' म्हणणार. लोक काय समजायचं ते समजतातच.

पहिला मोह असा झाला की क्यूटी ५ च्या फाईलला क्यूटी ४ चं नाव द्यावं आणि प्रोग्रॅमला फसवावं. हा उद्योग मी इतरांना शंभरदा 'करू नका' म्हणून सांगितलाय. नावाच्या शेवटी जो ४ असतो तो नुसता आकडा नसतो, तो शब्द दिलेला असतो: हा आकडा आहे तोवर जुनी फंक्शन्स जिथल्या तिथे मिळतील. शब्द पाळणं शक्य नसेल तेव्हा आकडा बदलतात. क्यूटी ५ मध्ये बटणं-खिडक्यांचा सगळा संसारच वेगळ्या लायब्ररीत गेलाय. नाव बदलून आत काय सापडणार? आणि प्रोग्रॅम क्यूटी ५ साठी दुरुस्त करून पुन्हा बांधायचा तर ते एका रात्रीत होणारं काम नव्हतं.

नशिबाने जुनी डिस्क टाकली नव्हती. ती जोडली आणि एलडीडी ही आज्ञा देऊन यादी काढली, प्रोग्रॅमला काय काय लागतं त्याची. मग एक-एक फाईल उचलायला लागलो. क्यूटीगुई आणली तर तिला लिबपीएनजी १२ हवी. ती आणली तर लिबऑडिओ २ हवी. हिशोबाच्या प्रोग्रॅमला आवाज कशाला, असं विचारायची सोय नाही, लायब्ररीला हवी म्हणजे हवी. लग्नात एका मामाला बोलावलं की आणखी चार मामे येतात, तसं. सगळी मंडळी एका वेगळ्या फोल्डरमध्ये बसवली आणि फक्त याच प्रोग्रॅमने तिथे आधी बघावं अशी सोय केली. बाकी कॉम्प्युटरला त्या जुन्या फाईलींचा वाराही लागू दिला नाही. त्या सगळ्याखालची सी लायब्ररी मात्र नवीनच राहू दिली, कारण जुने प्रोग्रॅम चालवून घ्यायचा शब्द ती कसोशीने पाळते.

साडेअकराला एलडीडी म्हणाली, सगळं सापडलं. प्रोग्रॅम उघडला. खिडकी आली, बटणं आली, आणि यादीत... एकही नोंद नाही. शून्य.

बाबा मागेच उभे होते. मी वळून बघितलं नाही.

पाचेक मिनिटांनी डोकं चालायला लागलं. हिशोबाची फाईल एसक्यूलाइटची, आणि ती वाचणारा क्यूटीचा तुकडा हा प्लगिन असतो. प्रोग्रॅम सुरू झाल्यावर तो ऐनवेळी हाक मारून बोलावला जातो, त्यामुळे एलडीडीच्या यादीत त्याचं नाव येतच नाही. तो जुन्या डिस्कवरून आणला, पुन्हा उघडलं, आणि २०१४ पासूनच्या सगळ्या नोंदी भराभर खाली उतरल्या. बाबांनी खुर्ची ओढली, चष्मा लावला आणि पहिलं काम कुठलं केलं असेल? मार्चची शिल्लक बरोबर आहे का, ते तपासलं.

प्रिंटर चालू असताना मी त्यांना हे शेअर्ड लायब्ररीचं प्रकरण समजावलं. एकच प्रत सगळ्यांनी वापरली की फायदाही सगळ्यांना. २०१४ साली ओपनएसएसएलमध्ये हार्टब्लीड नावाचं भोक सापडलं, तेव्हा ती एक लायब्ररी दुरुस्त केली की तिच्यावरचे सगळे प्रोग्रॅम (एकदा बंद-चालू करून) सावरत होते. आणि धोकाही सगळ्यांना. २०२४ च्या मार्चमध्ये एक्सझेड या लायब्ररीत कुणीतरी चोरवाट घुसवल्याचं उघड झालं. दूरच्या कॉम्प्युटरवर लॉगिन करायच्या एसएसएचला ती लायब्ररी स्वतःला लागतही नव्हती, पण काही वितरणांत ती तिसऱ्याच लायब्ररीचं बोट धरून आत आली होती. आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरला लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं जाणवलं, म्हणून सापडली.

बाबा ऐकून म्हणाले, "म्हणजे आपल्या एचओसीसारखंच की."

मला कळेना. मग त्यांनीच सांगितलं. रसायनीची हिंदुस्तान ऑरगॅनिक केमिकल्स म्हणजे दुसऱ्या कारखान्यांना लागणारा माल बनवणारी. नायट्रोबेंझिन, ॲनिलिन, पुढे त्यातून कोणी रंग करणार, कोणी औषधं. २०१७ च्या मे महिन्यात केंद्राने इथले प्लांट बंद करायचं ठरवलं, पण एक सोडून. नायट्रोजन टेट्रॉक्साइडचा प्लांट इस्रोकडे सोपवायचा निर्णय झाला, कारण पीएसएलव्हीच्या दुसऱ्या टप्प्याला ते लागतं आणि देशात ते बनवणारा तेवढाच होता.

"काढायच्या आधी कुणीतरी विचारलं असणार ना, यावर कोण कोण उभं आहे?" बाबा म्हणाले. "तू विचारलंस?"

नव्हतं विचारलं. चिठ्ठी लावून नीट डेब पॅकेज केलं असतं, तर नव्या उबुंटूने ते बसवतानाच नकार दिला असता आणि मला दुपारीच कळलं असतं.

सभा पार पडली. टँकरच्या खर्चावर नेहमीचा वाद झाला, म्हणजे सगळं सुरळीत.

पुढच्या महिन्यात प्रोग्रॅम क्यूटी ५ वर आणला आणि रीतसर पॅकेज केलं. लायब्रऱ्यांची यादी पॅकेज बांधणारं साधन स्वतःच भरतं, प्लगिनचं नाव मात्र हाताने लिहावं लागलं. लोक विचारतात, फ्लॅटपॅक का नाही केलंस? त्यात प्रोग्रॅम आपला रनटाइम, म्हणजे लायब्रऱ्यांचा ठरलेला संच, धरून राहतो, खालचं लिनक्स कुठलंही असो. करेनही. पण तो संचही कधीतरी जुना होतोच, आणि तेव्हा मोहोपाड्यात कोण त्यावर उभं आहे हे कुणालातरी आठवावं लागणारच.

असो. दिवाळीला गेलो तेव्हा टेबलावर नवीन लाल वही दिसली, ऑगस्टपासूनच्या नोंदी त्यात सुबक अक्षरात. मी काहीच बोललो नाही. बाबाच म्हणाले, "प्रोग्रॅम चांगला चालतोय हो तुझा. ही आपली असू दे."