पायाळू

आमची कन्या पायाळू जन्मली, तेव्हा पेठच्या आमच्या आळीत तिचे कौतुकच झाले. पायाळू माणसाने कमरेला पाय लावला की उसण उतरते, अशी आपल्याकडची जुनी समजूत. नाशिकच्या ज्या रुग्णालयात तिचा जन्म झाला, तेथेही तिच्या पायांवरून थट्टा झाली. पण त्या पायांच्या मांड्या दुमडून, बाहेरच्या अंगास वळवून कोणी पाहिल्या नाहीत. तान्ह्या बाळाचा खुबा निसटलेला आहे की काय, हे ओळखण्याची ही रीत इटलीतील बालवैद्य ऑर्तोलानी यांनी १९३७ साली सांगितली. तिला मिनिटभर पुरते. पायाळू मुलांत, विशेषतः मुलींत, हा दोष अधिक आढळतो.

आम्हां उभयतांस यातले काहीच ठाऊक नव्हते. उलट पाय सरळ राहावेत म्हणून आम्ही तिला दुपट्यात घट्ट आवळून निजवीत असू, आणि खुब्याला नेमके तेच बाधते. बाजाराच्या वाटेवर आदिवासी माता फडक्याने पाठीशी बांधलेली मुले घेऊन जात. मांड्या फाकलेल्या, गुडघे दुमडलेले. खुब्याला हवी ती हीच ठेवण. आम्ही मात्र त्या लेकरांची कीव करीत होतो!

दीड वर्षाची झाल्यावर ती चालू लागली, ती एका अंगाला झुकत. ‘गुरुजी, पोर लंगडते,’ असे प्रथम म्हणाल्या त्या शेजारच्या आजी. आम्ही म्हटले, सुधारेल हळूहळू. त्या ‘हळूहळू’त आणखी पाच महिने गेले.

पहिल्या सहा महिन्यांत ध्यानी आले असते, तर पाव्हलिक यांच्या पट्ट्यांनी बहुधा भागले असते. मांडीच्या हाडाचा गोल माथा आत बसलेला असेल तरच खोबण खोल होत जाते. आमच्या मुलीची डावी खोबण बशीसारखी उथळच राहिली होती. शस्त्रवैद्यांनी खुबा उघडून माथा जागी बसविला. मग टोरांटोच्या सॉल्टर यांनी १९६१ साली मांडलेल्या पद्धतीने कमरेचे हाड कापून खोबणीचे छत माथ्यावर वळविले आणि मधल्या फटीत तिच्याच हाडाची पाचर बसविली. संमतिपत्रावर सही करताना आमचे हात थरथरले. १५२१ साली पाम्प्लोना येथे तोफगोळ्याने पाय मोडल्यावर संत इग्नेशियसांनी वर आलेले हाड स्वतःच्या हट्टाने कापून घेतले होते. पण ते जाणते होते, दुसऱ्या कोणाच्या सहीवर निजले नव्हते.

छातीपासून पावलापर्यंत प्लास्टर, सहा आठवडे. सावळ घाटातून तिला जीपमध्ये दोघांच्या मांडीवर आडवी धरून आणले. दिवस पावसाळ्याचे, प्लास्टर ओले होऊ नये म्हणून आम्ही रात्री आळीपाळीने जागत असू. जपमाळेचे मणी सरत, तिची खाज सरत नसे.

२०१३ साली पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीत हा जन्मदोष आता आहे. तरीही कोणाकडे पायाळू बाळ आले की पेढा तोंडात घालण्याआधी आम्ही विचारतो, खुबे तपासले का? सहा आठवड्यांनी सोनोग्राफी करणार ना? लोक जरा चमकतात.

ती आठ वर्षांची असताना त्याच आजी कमरेत उसण भरली म्हणून आल्या आणि ओसरीवर पालथ्या निजल्या. मुलीने विचारले, ‘कोणता पाय लावू?’

‘डावाच लाव,’ आजी म्हणाल्या.