माळवद

साखर कारखान्यांचा पट्टा पडला, गाळप संपलं की आमच्या गावात उन्हाळा यायचा. ऊन त्याआधीच तापलेलं असायचं, होळी होऊन गेलेली असायची. पण निम्मं गाव रिकामं असताना त्या उन्हाला उन्हाळा म्हणावं असं कुणाला वाटत नसे. आमचं गाव धारूर तालुक्यातलं, बालाघाटाच्या माथ्यावरचं. दसरा-दिवाळीला घरांना कुलपं लागत. माणसं तान्ह्या लेकरांसकट ट्रकांत बसून सांगली, कोल्हापूर, साताऱ्याकडच्या फडांवर ऊस तोडायला जात. मागं राहत म्हातारी माणसं, शाळेतली काही पोरं आणि बंद घरं. पाडव्याच्या आगेमागे मंडळी परतली की आधी कुलूप निघायचं आणि लगेच घरधनी शिडी लावून वर चढायचा. सहा महिन्यांत माळवदाचं काय झालंय ते बघायला.

कौलांच्या मुलुखात वाढलेल्यांनी माळवद पाहिलेलं नसेल, म्हणून सांगते. लाकडी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर आडवी लाकडं, त्यांवर दाटीनं बसवलेलं किलचन, त्यावर काड्या-पाल्याचा थर, मग चिखल आणि सगळ्यांत वर पांढरी माती. भिंती दगड-मातीच्या, दोन हात रुंद. घर केवढं ते खणांवर सांगायचं. उजेड यायला आणि चुलीचा धूर जायला वर एक भोक, त्याला सानं म्हणायचं. पावसाळ्यात त्यावर डालगं नाहीतर फुटकी घमेली पालथी पडायची. बाहेर त्रेचाळीस अंश तापलं तरी आत दुपारी शांत झोप लागावी एवढा त्या मातीचा गुण होता.

पण माळवद आपणहून टिकत नाही. दर उन्हाळ्यात, मृग निघायच्या आत, त्यावर नवी पांढरी टाकावी लागते. आमच्याकडे ती गावच्या पडक्या गढीतून यायची. बैलगाडी गढीखाली उभी राहायची, आबा टिकाव घालायचे, चुलतभाऊ पाट्या भरायचे. घरी आल्यावर माणसांची रांग शिडीवर लागायची आणि पाटी हातोहात वर जायची. वर आजी उभी. कुठं किती टाकायची, उतार कुठल्या पन्हळीकडं काढायचा, हे तिच्याइतकं कुणालाच कळत नव्हतं. माती पसरली की आम्हा पोरांना त्यावर नाचायला परवानगी असे, एरवी नव्हती. "पाय आपटू नको गं, खाली माती गळती," हे वर्षभर ऐकलेलं असायचं, त्यामुळं तो नाच आम्ही जिवाच्या आकांतानं नाचायचो. शेजारच्या घरचं माळवद आमच्याला लागून होतं, त्याच्या पुढचं त्याला. गल्लीत पाय न ठेवता वेशीपासून मारुतीपर्यंत जाता यायचं.

दिवसाचं माळवद बायकांचं. गहू तीन दिवस भिजवून, वाटून, चीक काढलेला असायचा. पहाटे अंधारातच चूल पेटायची, चीक शिजायचा आणि ऊन चढायच्या आत भांडं, सोऱ्या, जुनी धोतरं सगळं वर न्यायचं. आई सोऱ्या दाबायची, काकू कुरडया घालायची, आजी कोपऱ्यात बसून त्या गोल झाल्या का बघायची. गरम चिकाची वाटी, त्यात तेल-मीठ किंवा दूध-साखर, हा आमचा त्या दिवसाचा नाष्टा. मग ज्वारीचे धापोडे, बाजरीच्या खारोड्या, मुगाचे सांडगे, शेवया. वाळणावर कावळे बसू नयेत म्हणून काळी छत्री उघडून ठेवायची आणि छत्रीच्या सावलीत एक पोर राखणीला. राखण करणाऱ्यानं ओल्या खारोड्या खायच्या नाहीत असा नियम होता. तो कुणी पाळल्याचं मी पाहिलं नाही, आणि आजीनंही कधी मोजून घेतलं नाही. आमच्या घरी अखितीपर्यंत आंबा तोंडाला लावायचा नसे. अखितीला करा-केळी पुजून, पितरांना रस दाखवून झाला की आढीतले शेप्या, खोबऱ्या बाहेर निघायचे, आणि दुपारभर वाळलेल्या कोयींचा वास माळवदावर रेंगाळायचा.

रात्रीचं माळवद सगळ्यांचं. दिवस मावळताना पाण्याचा सडा मारायचा, मातीतून वाफ निघायची, मग वाकळा टाकायच्या. एका अंगाला आबा-काका, दुसऱ्या अंगाला आम्ही, मधे म्हातारी माणसं. माहेरवाशिणी आलेल्या असत. त्यांचं बोलणं आम्ही झोपलो असं वाटल्यावर सुरू व्हायचं. सासरचं सगळं तिथं निघायचं, कुणी दाबून रडायचंही. बाईनं मोकळं बोलावं अशी जागा गावात दुसरी नव्हती. घरात चूल आणि कान, गल्लीत नजरा, विहिरीवर घाई. वर फक्त आभाळ. आजी उत्तरेकडं बोट दाखवून बाज दाखवायची: चार खुरांची बाज आणि ती चोरायला निघालेले तीन चोर. शाळेत पुढं सप्तर्षी शिकवले, तरी माझ्या डोक्यात ती बाजच राहिली. वैशाखात रात्र चढली की आग्नेयेकडून विंचू वर येतो, मधे तांबडी ज्येष्ठा आणि खाली वळलेली नांगी. खरे विंचू भिंतीच्या दगडांत असत, म्हणून हा वरचा विंचू पाहताना आम्ही पाय वाकळीत ओढून घ्यायचो.

माझी जिवाची मैत्रीण शेजारच्याच घरातली. तिचे आई-बाप कोयत्याला जायचे. आमच्याकडं कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादम उचल देतो ती त्या जोडीवर. तिची आजी वारल्यावर तिला मागं ठेवायला कुणी उरलं नाही, तेव्हापासून तीही फडावर जाऊ लागली. धाकट्या भावाला कोपीवर सांभाळायची, पाणी आणायची, पुढं पुढं मोळ्याही बांधायला लागली. शाळेत तिचं नाव होतं, बाक रिकामा. उन्हाळ्यात मात्र ती पूर्णपणे माझी असायची. सहा महिन्यांचं सगळं ती पहिल्याच रात्री माळवदावर सांगायला बसायची: पहाटे तीनला उठणं, पाचटाची पात्यासारखी धार, थंडीत भरायची गाडी.

एका मे महिन्यात आम्ही अंबाजोगाईला गेलो. आई, काकू, आत्या, आम्ही पोरी, सोबतीला आबा. एसटीनं केज, तिथून दुसरी गाडी. तिथली योगेश्वरी ही कोकणस्थांची कुलदेवी, त्यामुळं सुट्टीत पुण्या-कोकणाकडची कुटुंबं देवळात दिसायची. त्यांच्या पोरींचे फ्रॉक आम्ही डोळे भरून पाहिले. मग मुकुंदराजांची समाधी. कडेकपारीत, खाली दरी, भर उन्हातही तिथं गार वारा. मराठीतला आद्य ग्रंथ म्हणून ज्याचं नाव घेतात तो विवेकसिंधू मुकुंदराजांनी शके १११० मध्ये लिहिला, हे आबांनी तिथंच सांगितलं. दासोपंतही याच गावचे. त्यांनी लांबच लांब कापडावर 'पंचीकरण' लिहून काढलं, तीच पासोडी. पासोडी म्हणजे पांघरूण हे आम्हाला ठाऊक होतं. एवढं मोठं पांघरूण अंथरायला केवढं माळवद लागेल, यावर मैत्रीण आणि मी परतीच्या गाडीत बराच वेळ बोललो.

त्याआधी स्टँडजवळ रसवंतीवर थांबलो होतो. चरकाला घुंगरं, बर्फाची लादी, पोत्यांचा मांडव. रस यायच्या आधी मैत्रीण उठून उसाच्या मोळीपाशी गेली. एक कांडं हातात घेऊन म्हणाली, "हा खोडव्याचा हाय, बारीक पडलाय." रसवाला चकित झाला. पेला हातात आल्यावर ती बराच वेळ नुसती बघत राहिली. मी विचारलं, "कामून पिईना?" ती म्हणाली, "फडात आमी फुकट खातो, इथं इकत घ्यायचा." मग एका दमात प्यायली आणि हसली. तिच्या हातांवरच्या पाचटाच्या रेघा मी तोवर कितीदा पाहिल्या होत्या. त्या दिवशी त्या मला पहिल्यांदा टोचल्या.

तिचं लग्न पुढच्या वर्षी उन्हाळ्यातच झालं. माणसं गावात असतात ती तेव्हाच, म्हणून लग्नं तेव्हाच. ती नववीच्या वयाची होती. पोरगी फडावर वयात आली की आई-बापाला तिला सांभाळण्याची धास्ती, आणि जोडी लागली की नवा कोयता. या दोन कारणांनी आमच्या जिल्ह्यातल्या किती पोरींचं बालपण संपलं, याचा मला आजही संताप येतो. हळदीच्या आदल्या रात्री आम्ही वर निजलो होतो. तिनं फडाचं काहीच सांगितलं नाही, माहेरवाशिणींसारखी ती आभाळाकडं बघत पडून राहिली. त्यानंतर ती माझ्या शेजारी माळवदावर कधी निजली नाही.

मग ३० सप्टेंबर १९९३ आलं. अनंत चतुर्दशीची रात्र उलटून पहाट होत होती. आमच्याकडं भांडी वाजली, भिंतीतून माती सांडली, आणि आबांनी सगळ्यांना अंगणात काढलं. दक्षिणेला लातूर-उस्मानाबादच्या सीमेवर किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावं त्या काही क्षणांत आडवी झाली होती. सुमारे दहा हजार माणसं गेली, त्यातली बहुतेक स्वतःच्या घराच्या दगड-मातीखाली. जी घरं पडली ती आमच्यासारखीच होती, त्याच भिंती आणि तेच माळवद. त्या दिवसापासून आई माळवदाखाली डोळा लावून झोपली नाही. तिला कुणी भित्री म्हणू नये; मराठवाड्यातल्या लाखो आयांची तीच गत झाली.

भूकंपानंतर जाणकारांनी जे दाखवून दिलं ते मी नंतर वाचलं, आणि मला गढीची ती बैलगाडी आठवली. जुनी माती न उतरवता दर वर्षी नवी टाकत गेल्यानं कित्येक माळवदांवर दीड-दोन फुटांचा थर साचला होता. खालच्या भिंतींना आतला आणि बाहेरचा असे दोन पदर, मधे भरड. दोन्ही पदरांना बांधून ठेवणारे लांब दगड नाहीत. हादरा बसला की पदर फाकायचे आणि वरचं ओझं खाली यायचं. काही ठिकाणी खांब-तुळयांचा सांगाडा उभा राहिला आणि भिंती तेवढ्या ढासळल्या. ज्या मायेनं आम्ही माती चढवत होतो तीच माती वजन होऊन बसली होती. तरी वजन उतरवता येतं, भिंतींत बांधणीचे दगड घालता येतात, सांगाड्याला तिरपे आधार देता येतात. हे कळेपर्यंत आमच्या गावात टिकाव फिरू लागले होते.

आमचं माळवद उतरलं आणि पत्रे आले. पत्रा हलका, पडला तरी जीव वाचतो, हे खरं. पण वैशाखात पत्र्याखाली दुपारी बसवत नाही आणि पत्र्यावर रात्री निजता येत नाही. कुरडया अंगणात आल्या, अंगण लहान, म्हणून त्या कमी झाल्या, मग विकतच्या आल्या. माहेरवाशिणी पंख्याखाली आत निजू लागल्या, जिथं भिंतीपलीकडं सगळं ऐकू जातं. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडं पडलं, लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तेव्हा आमच्या गावात रात्रीच्या टँकरची वाट बघत सगळे पुन्हा एकदा उघड्यावर बसले. एवढी माणसं एका जागी मी बऱ्याच वर्षांनी पाहत होते.

लग्नानंतर मी बीडला आले. मुलं लहान असताना त्यांना उन्हाळ्यात खजाना विहिरीवर नेत असे. सोळाव्या शतकात, निजामशाहीत, सलाबतखानानं ती बांधवली. राजा भास्कर हा तिचा रचनाकार. आजूबाजूचे आड आटले असताना त्या विहिरीच्या बोगद्यांतून वाहणारं पाणी पाहून मुलं गप्प व्हायची. कंकालेश्वरालाही जायचो, पाण्यातल्या त्या दगडी देवळात संध्याकाळी बरं वाटतं. घरी परतलं की मात्र सिमेंटचा स्लॅब दिवसभराचं ऊन पहाटेपर्यंत अंगावर सोडत राहायचा. इमारतीला गच्ची आहे, तिला कुलूप आहे. किल्ली मागितली की कशाला हवी म्हणून विचारतात. निजायला, असं सांगितलं की लोक बघत राहतात.

गेल्या उन्हाळ्यात गावी गेले तर मैत्रिणीच्या बापाचं घर अजून माळवदाचंच दिसलं. ती आलेली होती, तिची सूनही. फडावर आता यंत्रं तोडणी करतात, कोयत्याला मागणी घटते आहे असं ती सांगत होती. तिच्या नातीला मात्र तिनं शाळेतून हलू दिलेलं नाही. घर पाडून पत्रे टाकायचं घरात चाललं होतं. आम्ही दोघी वर चढलो. लाकूड सागवानी, ठणठणीत. वरची माती मात्र गुडघ्याएवढी साचलेली.

तिला जे सांगितलं तेच तुम्हालाही सांगते. तुमच्या गावी माळवद उभं असेल तर पाडण्याआधी एखाद्या जाणत्या अभियंत्याला दाखवा. नव्या मातीची पाटी चढवण्याआधी जुना थर खाली उतरवा, पाणी अडवायला खाली जाड प्लास्टिक घाला आणि वर पांढरीचा पातळ थर पुरे. भिंतींना बांधणीचे दगड, खांबांना तिरपे आधार घालून घ्या. लाकूड किडलेलं असेल, भिंत फुगलेली असेल, तर मोह सोडा आणि माणसं बाहेर काढा. नवं बांधत असाल तर वर जायला जिना ठेवा आणि गच्चीला कुलूप लावू नका. हे काम मृगाच्या आत उरकायला हवं, म्हणून अखितीलाच हात घाला. तेव्हा सगळी माणसं गावात असतात.