गळालेले शिंग

रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर, मुरूडजवळच्या डोंगरांत फणसाडचे अरण्य पसरले आहे. जंजिरा संस्थानच्या काळी हे नबाबांचे राखीव शिकारीचे रान होते. १९८६ साली ते अभयारण्य झाले. येथील पाणवठ्यांना ‘गाण’ म्हणतात. उन्हाळ्यात ओढे आटले, की सांबरे व भेकरे तेथे पाण्यावर येतात.

अशाच एका उन्हाळ्यात रानाकडेच्या गावातील एका मुलाला झुडपाखाली सांबराचे तीन टोकांचे शिंग सापडले. समुद्रकिनाऱ्यावर येणारा एखादा प्रवासी याचे पैसे देईल, त्यातून नवे दप्तर येईल, अशी स्वप्ने रंगवीत तो आजोबांकडे धावला.

“आजोबा, हे सांबर मेले का हो?”

“नाही रे बाळा. काळविटाचे शिंग जन्मभराचे. पण सांबराचे दरवर्षी गळते आणि लवदार कातड्याखाली पुन्हा नवे वाढते.”

“मग हे विकले, तर कोणाचे काय बिघडले?”

आजोबा क्षणभर थांबले. पूर्वी शिकारी मोठ्यात मोठ्या शिंगांचा नर हेरीत आणि त्याचे मस्तक दिवाणखान्यात टांगीत. कोवळे नर वाचावेत म्हणून काही देशांत आजही शिंगांची टोके मोजून शिकारीस परवानगी मिळते. भारताने मात्र निराळी वाट धरली. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला आणि १९९१ च्या दुरुस्तीने हौशी शिकारीचे परवानेही बंद झाले. रानात गळून पडलेले शिंग उचलून विकणे हाही गुन्हाच आहे.

“बाळा, हे शिंग गळालेले की सांबर मारून काढलेले, हे बाजारात कोण ओळखणार? एकदा शिंगाला गिऱ्हाईक मिळाले, की उद्या कोणी बंदूक घेऊन रानात शिरेल. आणि हे पाहा!” आजोबांनी शिंगावरच्या बारीक खुणांवर बोट ठेवले. “सायाळीचे दात. शिंग म्हणजे हाडच. ते कुरतडून तिला चुना मिळतो.”

मुलाने दप्तराची आशा सोडली. जड पावलांनी तो परत गेला आणि शिंग जेथे होते तेथेच ठेवून आला.

काही दिवसांनी तो पुन्हा त्या वाटेने गेला. शिंगावर दातांच्या ताज्या खुणा उमटल्या होत्या. त्या पाहून त्याच्या मुखावर प्रथमच समाधानाचे हसू उमलले.