समुद्राच्या तळावरचे शनिवार-रविवार

परदेशात नोकरीला गेलेली मुले सुट्टीच्या दिवशी करतात तरी काय, हा प्रश्न गावी आले की हमखास विचारला जातो. खरे सांगायचे तर पाच दिवस काम, आणि शनिवार-रविवारी धुणे, झाडलोट, घरी फोन व उरलेल्या वेळात भटकंती. माझ्याबरोबरची मुले शुक्रवारी रात्रीची बस धरून पॅरिसला जातात, आयफेल मनोऱ्यापुढे फोटो काढतात आणि सोमवारी पेंगत कामावर येतात. हौसेला मोल नाही. पण मी पडले पेण तालुक्यातल्या खारपट्ट्यातली. नेदरलँड्समध्ये नोकरी लागल्यावर मी ठरवले की इथले बांध पाहायचे. दोन वर्षांच्या सुट्ट्या त्यात गेल्या, आणि वाचकहो, अजून सगळे पाहून झालेले नाहीत.

बांध पाहायला परदेशी कशाला जावे लागते, असे तुम्ही म्हणाल. तर ऐका.

हा देश आपल्या महाराष्ट्राच्या साधारण सातव्या हिश्श्याएवढा. त्यातली पाव जमीन समुद्रसपाटीच्या खाली आहे. तुमच्यापैकी कोणाची मुलगी किंवा मुलगा विमानाने ॲमस्टरडॅमला उतरला असेल, तर तो एका तळ्याच्या तळावर उतरला हे त्याला जरूर सांगा. स्खिपोल विमानतळ आज जिथे आहे तिथे पूर्वी हारलेमचे मोठे सरोवर होते. वादळात त्याच्या लाटा काठची शेते गिळायच्या. अखेर वाफेवर चालणारे तीन पंप बसवून वर्षानुवर्षे उपसा केला आणि १८५२ मध्ये सरोवर कोरडे झाले. त्यातले क्रूकियस नावाचे पंपघर अजून उभे आहे. गोल बुरुजासारखी इमारत, आणि तिच्या भिंतीतून चहूबाजूंनी बाहेर आलेले लोखंडी दांडे. प्रत्येक दांडा खाली-वर झाला की पाणी वर यायचे. आपली मोट ज्यांनी चालताना पाहिली आहे, त्यांना ते यंत्र समजायला वेळ लागणार नाही.

पवनचक्क्यांची चित्रे तुम्ही कॅलेंडरवर पाहिली असतील. पीठ दळणाऱ्या चक्क्याही आहेत. पण किंडरडाइक गावी ओळीने उभ्या असलेल्या १९ चक्क्या सन १७४० च्या सुमाराच्या, आणि त्यांचे काम पाणी उपसण्याचे. एक चक्की फार तर मीटर-दीड मीटर पाणी उचलते. त्यामुळे खोल जागी एकीने उचललेले पाणी दुसरीने, दुसरीचे तिसरीने असे चढवत न्यायचे. आपल्याकडे टप्प्याटप्प्याने उपसा सिंचन करतात, तसेच हे. फरक एवढाच की आपण पाणी शेतात आणण्यासाठी उपसतो, आणि ते शेतातून घालवण्यासाठी.

आईला मात्र ट्यूलिपची फुले पाहायची होती. तिला फोटो पाठवावेत म्हणून वसंतात लिसे गावची कॉकेनहोफ ही बाग पाहून आले. गर्दी फार आणि तिकीटही महाग. मला बागेपेक्षा बाहेरची शेते आवडली. एक गोष्ट ऐकून तुम्ही चकित व्हाल. त्या शेतातली फुले उमलून रंग नीट तपासून झाला, की शेतकरी यंत्राने ती फुले छाटून टाकतो! शेत असते कंदासाठी. फूल राहिले तर ताकद बीकडे जाते आणि कंद पोसत नाही. लोक फोटो काढायला यावेत आणि शेत हिरवे बोडके दिसावे, असे होते ते यामुळे.

माझे सगळ्यात जास्त शनिवार गेले ते फ्लेवोलँड आणि त्याच्या उत्तरेच्या भागात. पूर्वी इथे जमीन नव्हतीच, समुद्राचा मोठा फाटा आत घुसलेला होता. त्याच्या तोंडाशी ३२ किलोमीटर लांबीचा बांध घालून १९३२ मध्ये समुद्र तोडला. या कामाचा आराखडा कोर्नेलिस लेली या इंजिनिअरचा. नद्यांचे गोडे पाणी येत राहिल्याने आतला समुद्र गोडा झाला, आणि मग त्यातले एकेक तुकडे बांध घालून कोरडे करत गेले. पूर्व फ्लेवोलँड १९५७ मध्ये वर आले, दक्षिण फ्लेवोलँड १९६८ मध्ये. वर आले ते काय, निव्वळ चिखल. माणूस कमरेपर्यंत रुतावा असा. मग विमानातून बोरूसारख्या देवनळ गवताचे बी फेकले. गवताच्या मुळ्यांनी पाणी ओढले, जमिनीला भेगा पडल्या, हवा खेळली. पुढे मोहरीच्या जातीचे तेलबियांचे पीक घेतले, मग गहू. काही वर्षे सरकारनेच शेती केली आणि जमीन कमावून झाल्यावर पारखून निवडलेल्या शेतकऱ्यांना खंडाने दिली. आज तिथे बटाटा, कांदा, साखरबीट अशी लांबच लांब सरळ शेते आहेत. स्टेशनवर भाड्याची सायकल घ्यायची आणि घरून नेलेली चपाती-भाजी बांधावर बसून खायची. एवढ्यात दिवस निघून जातो.

त्याच भागात स्कोकलँड नावाची जागा आहे. ते पूर्वी बेट होते. लाटांनी ते इतके खाल्ले की १८५९ मध्ये सरकारने लोकांना उठवले. आज ते बेट बटाट्याच्या शेतांत उंचवट्यासारखे बसले आहे. बंदराचा धक्का आहे, पण समोर पाणी नाही, हिरवी शेते आहेत. ते पाहून पोटात कसेसेच झाले. समुद्र तोडल्यावर खाऱ्या पाण्यातली मासळी संपली आणि कितीतरी कोळ्यांची घरे धंद्यातून उठली. त्यांची राहणी पाहायची तर एन्कहाउझनचे संग्रहालय पाहावे. जमीन मिळाली ती कोणाच्या तरी पाण्यावर, हे तिथे कोणी लपवत नाहीत.

आता आमच्या खारपट्ट्याचे सांगते, म्हणजे मला हे सगळे का पाहावेसे वाटले ते कळेल. खाडीच्या कडेला मातीचा बाहेरकाठा, त्यात पाणी सोडायची उघाडी, आणि आत भाताची खाचरे. उधाणाच्या भरतीने काठ्याला भगदाड पडले की आमच्याकडे खांड गेली म्हणतात. आजोबांच्या वेळी जोळाची पद्धत होती. घरटी माणूस चिखल, पेंढा घेऊन जायचा आणि पुढच्या भरतीच्या आत खांड बांधून व्हायची. ती पद्धत मोडली. आता खांड गेली की अर्ज करायचा आणि वाट पाहायची. आमची चार एकर खाचरे अशीच वाट पाहण्यात गेली; तिथे आज तिवरे उभी आहेत.

म्हणून मी इथे बांधापेक्षा बांध राखणारी माणसे कोण, हे शोधत हिंडले. इथे पाण्याची पंचायत असते. देशात अशा २१ पंचायती आहेत आणि त्यांतली ऱ्हाइनलँडची तेराव्या शतकापासूनची आहे. तिची निवडणूक वेगळी, कर वेगळा, आणि शेतकऱ्यांसाठी काही जागा आजही राखीव. माझ्या भाड्याच्या घरालाही तिचे बिल येते. सगळे गोड आहे असे मात्र समजू नका. पश्चिमेकडची जमीन कुजलेल्या वनस्पतींची आहे. पाणी काढले की ती हवेने जळून खचते. खचली की आणखी पाणी काढावे लागते. पाण्याची पातळी थोडी वर ठेवा असे एक म्हणतो, तर मग आमच्या गाई चिखलात चरतील काय, असे दूधवाला शेतकरी विचारतो. भांडण चालूच आहे.

शेवटी झीलँडची गोष्ट. ३१ जानेवारी १९५३ ची शनिवारची रात्र. भरती आणि वादळ एकदम आले. कचेऱ्या बंद, रेडिओ रात्रीचा बंद. बांध फुटले आणि १,८३६ माणसे गेली. आउवरकेर्क गावी शेवटचे भगदाड बुजवायला सिमेंटच्या चार प्रचंड पेट्या बुडवल्या होत्या. संग्रहालय त्या पेट्यांतच आहे. खारट झालेल्या शेतांना पुढे जिप्सम घालून सुधारावे लागले. त्यानंतर जी बांधकामे झाली त्यातले सर्वात मोठे १९८६ मध्ये पुरे झाले. आधी तिथली खाडी कायमची बंद करायची होती. मासेमार आणि कालवे पोसणारे लोक अडून बसले, म्हणून सरकारला बेत बदलून ६२ लोखंडी दारे करावी लागली. एरवी ती वर असतात, भरती-ओहोटी चालू राहते. वादळ आले की खाली.

हे मी बाबांना फोनवर सांगितले. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि एकच विचारले, “दारे वेळेवर खाली टाकायला माणूस असतो ना गं?”

असतो, मी म्हटले. आणि त्याच्याकडून राहिलेच, तर पाणी ३ मीटरवर चढले की यंत्र आपणहून टाकते.