उपदेशाचे टाचण
पाळकसाहेब गावी गेले की कांजूरमार्गच्या आमच्या छोट्या मंडळीत उपदेशाची पाळी माझ्यावर येते. शिक्षकी सवयीने मी वहीत टाचण काढतो: उद्देश, मुद्दे, उदाहरणे. परवा विषय होता योहान ११, लाजराला उठवणे. मुद्दे तीन. उभा राहिलो, तर समोर नुकताच मुलगा गेलेल्या मावशी. पहिलाच मुद्दा घशात अडकला. वही मिटली. लाजराच्या कबरेपाशी येशूही रडला होता, एवढेच सांगून खाली बसलो. जाताना मावशींनी माझा हात धरला.

१८९५ साली ख्रिस्ती झालेल्या ना. वा. टिळकांनी उपदेशासाठी कीर्तन का हाती घेतले, ते त्या दिवशी उमगले. आधी ऐकणारा! आता टाचणाआधी मी येणाऱ्यांची नावे लिहितो. मुद्दे मागाहून.