चतुर्थीची भरती

समुद्र न पाहताच भरती-ओहोटी शिकवणारी बाई तुम्हांला ठाऊक आहे का? ती बाई म्हणजे मीच!

मी मूळची लातूर जिल्ह्यातली. आमच्याकडे पाणी म्हणजे विहिरीचे, नाहीतर टँकरचे. २०१६ साली तर लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. पुढे नोकरी लागली ती थेट रायगड जिल्ह्यात. घरचे म्हणाले, "मजा आहे बुवा, रोज समुद्र!" पण माझी शाळा सुधागड तालुक्यात, डोंगराच्या कुशीत. समुद्राचा जिल्हा आणि समुद्राचा पत्ता नाही!

शाळेत माझ्यासारखे परजिल्ह्यातले आणखी तिघे. साताऱ्याच्या बाई, वाशीमचे सर आणि नंदुरबारचे सर. चौघांचीही घरे दूर. सणावाराला एकमेकांच्या खोलीवर जेवायचे, एकमेकांचे आजारपण काढायचे, असे आमचे जणू एक कुटुंबच झाले आहे. एका थंडीत आम्ही ठरवले, शनिवारची सकाळची शाळा सुटली की तडक एस.टी. धरायची आणि अलिबागला जायचे. रविवारी रात्री परत.

पाली, नागोठणे, वडखळ, पोयनाड करत गाडी कार्ले खिंड उतरली. थोड्या वेळाने नारळाची झाडे दिसू लागली. अलिबागच्या किनाऱ्यावर पाऊल ठेवले, तेव्हा सूर्य बुडत होता. वाशीमचे सर इतके बोलके, पण पाच मिनिटे त्यांच्या तोंडून शब्द फुटला नाही.

किनाऱ्याजवळच एक वेधशाळा आहे. पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजमापे तिथे होतात. ही मोजमापे पूर्वी मुंबईच्या कुलाब्यात होत. मुंबईत विजेवर चालणाऱ्या ट्राम येणार असे ठरले आणि त्यांच्या विजेमुळे नोंदी बिघडतील म्हणून १९०४ साली ती अलिबागला आणली. गंमत अशी, की मुंबईच्या कुलाब्यातून निघून ती पुन्हा कुलाब्यातच आली! कारण आजच्या रायगड जिल्ह्याचे नाव १९८१ पर्यंत कुलाबा जिल्हा असेच होते.

मुक्काम होता नंदुरबारच्या सरांच्या डी.एड.च्या मित्राकडे, जवळच्या एका वाडीत. रात्री त्यांनी पोपटी लावली. पोपटी म्हणजे पक्षी नव्हे हं! मडक्यात भांबुर्डीचा पाला घालायचा, त्यावर वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी भरायची, वर पुन्हा पाला. मग मडके उपडे ठेवून भोवती जाळ करायचा. पाण्याचा थेंबही नाही. अहाहा, काय तो वास!

खाता खाता मित्र म्हणाले, "उद्या कुलाबा किल्ला बघा. आठला पाण्याच्या वाटेने चालत जा आणि साडेनऊला गड सोडा. उशीर करू नका."

आम्ही माना डोलावल्या. तुम्हीही वर्गात अशाच माना डोलावता ना?

रविवारी संकष्टी चतुर्थी होती. साताऱ्याच्या बाईंचा उपवास. गडावर गणपतीचे देऊळ आहे म्हटल्यावर त्या सगळ्यांच्या पुढे. आठ वाजता पाहतो तर काय, आदल्या संध्याकाळी जिथे लाटा होत्या तिथे ओली वाळू आणि शेवाळलेले खडक! घोडागाड्याही किल्ल्याकडे चालल्या होत्या. चपला हातात घेऊन आम्ही समुद्राच्या तळावरून चालत किल्ल्यावर पोचलो.

या किल्ल्याचे काम शिवाजी महाराजांनी १६८० साली सुरू केले आणि संभाजी महाराजांच्या काळात ते पुरे झाले. पुढे हा कान्होजी आंग्रे यांच्या आरमाराचा मोठा तळ बनला. १७२१ साली इंग्रज आणि पोर्तुगीज यांनी मिळून त्यावर हल्ला केला, पण किल्ला काही हाती लागला नाही. आत गोड्या पाण्याची विहीर आहे. चहूकडे खारे पाणी आणि मध्ये गोडे! रघुजी आंग्रे यांनी १७५९ साली बांधलेले सिद्धिविनायकाचे देऊळ आहे. तटावर चाकांच्या गाड्यांवर बसवलेल्या दोन तोफा आहेत. त्यांवर इंग्लंडमधल्या यॉर्कशायरच्या कारखान्याचे नाव कोरले आहे.

साडेनऊ वाजले. साताऱ्याच्या बाईंची आवर्तने चालू होती. दहा वाजले. वाशीमच्या सरांना तोफेजवळ फोटो हवा होता. मला तटावरून हलवेना. पावणेअकराला आम्ही दरवाज्याबाहेर आलो आणि थबकलो. सकाळची वाट गेली कुठे?

"एवढंसं तर पाणी आहे, गुडघाभर. चला पटकन," मी म्हणाले. सगळे उतरलो. वीस-पंचवीस पावलांतच पाणी मांडीला लागले. पायाखालचे खडक दिसेनात. साताऱ्याच्या बाईंचा पाय शेवाळावरून सरकला. आधीच उपाशी, त्यात लाटेने धक्का दिला. नंदुरबारच्या सरांनी त्यांचा दंड धरला म्हणून बरे, नाहीतर त्या आडव्याच झाल्या असत्या. आम्हां चौघांपैकी एकालाही समुद्रात पोहता येत नव्हते.

तेवढ्यात मागून हाक आली, "ओ बाय, मागं फिरा! पानी भरतंय!" गडावर सरबत विकणाऱ्या एक मावशी पायऱ्यांवर उभ्या होत्या. आम्ही एकमेकांचे हात घट्ट धरून मागे आलो. पाय लटपटत होते.

मावशींनी विचारले, "काय काम करता तुमी?"

"शिक्षक आहोत."

"आनि तू काय शिकवतंस?"

मी खाली मान घालून म्हणाले, "भूगोल. सातवीला. भरती-ओहोटी."

मावशी हसल्या नाहीत. त्यांनी शांतपणे विचारले, "आज तिथी कंची?"

"चतुर्थी!" हे मात्र आम्हां सगळ्यांना पाठ होते.

मग त्यांनी जे सांगितले, ते तुम्ही वहीत लिहून ठेवा. तिथीला तीनने गुणा आणि चाराने भागा. जे उत्तर येईल, साधारण तितक्या वाजता या किनाऱ्यावर भरती पूर्ण होते. चतुर्थी म्हणजे चार. चार त्रिक बारा, भागिले चार, उत्तर तीन. दुपारी तीनला पूर्ण भरती. तिच्या आधी सुमारे सव्वासहा तास, म्हणजे पावणेनऊच्या सुमारास, पूर्ण ओहोटी. म्हणूनच "साडेनऊला गड सोडा"!

यामागे शास्त्र आहे. भरती येते ती मुख्यतः चंद्राच्या ओढीमुळे, थोडी सूर्याच्या. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा उगवतो, म्हणून भरतीही रोज तेवढीच मागे पडते. तिथीमागे पाऊण तास धरायचा तो यासाठी. ओहोटी संपल्यावर पाणी आधी हळूहळू चढते आणि मधल्या दोन तासांत झपाट्याने. हे सारे मी फळ्यावर कितीदा लिहिले होते! चतुर्थी मला माहीत होती, भरती माहीत होती, पण दोन्ही एका ठिकाणी आणायचे कधी सुचलेच नाही.

साडेबाराला बोट लागली आणि आम्ही किनाऱ्यावर आलो.

मुलांनो, आमचे निभावले. सगळ्यांचे निभावत नाही. १ फेब्रुवारी २०१६ रोजी याच जिल्ह्यात, मुरूडच्या किनाऱ्यावर, पुण्याहून सहलीला आलेले चौदा विद्यार्थी बुडाले. तेव्हा समुद्रावर गेलात की पाण्यात उतरण्यापूर्वी तिथल्या कोळीबांधवांना विचारा. आपले गणित अंदाजापुरते, त्यांचा शब्द शेवटचा. पावसाळ्यात तर उतरायचेच नाही. आणि कोणी "मागं फिरा" म्हटले तर फिरा. त्यात कमीपणा नाही. शिक्षकसुद्धा फिरतात!

रात्री पालीला उतरलो तेव्हा नऊ वाजून गेले होते. डोंगरामागून चंद्र वर आला. साताऱ्याच्या बाईंनी हात जोडले. नंदुरबारचे सर म्हणाले, "सकाळी आपली वाट बुडवणारा हाच बरं का!" मग सगळ्यांनी मिळून बाईंचा उपवास सोडला.

दुसऱ्या दिवशी सातवीच्या वर्गात मी पुस्तक उघडले नाही. फळ्यावर आधी तिथी लिहिली. आता तुम्हीही एक गणित सोडवा. तृतीयेला कुलाबा किल्ल्यावर चालत जायचे आहे. पूर्ण ओहोटी सकाळी किती वाजता असेल? आणि गड किती वाजता सोडाल?