महाप्याची निळी पिंपे

महाप्याला हौसेने कोणी जात नाही. जातात ते पोटासाठी. ठाणे-बेलापूर रस्त्यालगतची कारखान्यांची वसाहत, मिलेनियम बिझनेस पार्कच्या काचेच्या इमारती, पूर्वेला पारसिकचा डोंगर, आणि या गर्दीत अंग चोरून बसलेले जुने आगरी गाव. पत्र्याच्या घरांचे महापे आणखी वेगळेच. तेथे दारोदारी एक निळे पिंप असते.

पावसाळा सरताना मी तेथे गेलो तो राष्ट्रीय सेवा योजनेच्या मुलांबरोबर, डेंग्यूच्या पाहणीला. या तापाच्या डासाची मादी साठवलेल्या स्वच्छ पाण्याच्या कडेला अंडी चिकटवते. ती कोरडी पडली तरी महिनोन्महिने तग धरतात. म्हणून आठवड्यातून एकदा पिंप रिकामे करून घासावे, हा आमचा उपदेश. छापील फॉर्मवर प्रश्न एकच : पिंपात अळ्या आहेत काय?

त्याच वस्तीत वाढलेली आमची एक विद्यार्थिनी दोन घरांनंतर थांबली. "सर, पाणी कधी येतं, हेही विचारू या," म्हणाली आणि फॉर्मच्या कोऱ्या पाठीवर रकाने आखू लागली. मग काय! आम्हाला दारातूनच वाटेला लावणाऱ्या बायका तिच्याशी बोलू लागल्या. "अगं पोरी, नळ तीन दिवसांनी येतो. पिंप ओतलं तर लेकरांना काय पाजू?" आरोग्याची पत्रके लिहिणाऱ्यांच्या घरी पाणी चोवीस तास असावे, असा मला दाट संशय आहे.

मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावर कौला बंदर नावाची वस्ती आहे. तेथे 'पुकार' संस्थेने वस्त्यांतल्याच तरुणांना संशोधक म्हणून तयार केले. हार्वर्डच्या अभ्यासकांबरोबर त्यांनी घरोघर माहिती गोळा केली. वस्ती तेव्हा सरकारदरबारी अधिसूचित नव्हती, म्हणून पालिकेचे पाणी नव्हते. लोक खाजगी विक्रेत्यांकडून कितीतरी पट दाम मोजून पाणी घेत, हे त्यातून पुढे आले. २०१२ पासून हे निष्कर्ष परदेशी नियतकालिकांत छापून आले. परक्याला अशी घरगुती गणिते कोण सांगणार?

आमच्या मुलीने संध्याकाळी अर्ज लिहिला : नळाची वेळ ठरवून द्यावी, तोवर पिंपांना घट्ट झाकणे मिळावीत. सोबत घरवार तक्ता. मराठीचा मास्तर म्हणून तो माझ्याकडे आला. मी दोन वेलांट्या दुरुस्त केल्या. पहिली सही तिने स्वतःची केली आणि उरलेल्या गल्लीकडे निघाली.